चाबुकस्वार म्हणजे चाबूकवाला नव्हे

ड्रेसाज हा शब्द आपल्या घरांत फारसा ऐकू येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तो दोन-चार दिवस मराठी वर्तमानपत्रांत झळकला. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळ चालू होते आणि २६ तारखेला भारताच्या चार तरुण घोडेस्वारांनी ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हाजेला. भारताचे गुण झाले २०९.२०५, तर दुसऱ्या क्रमांकाच्या चीनचे २०४.८८२. आशियाई खेळांत घोडेस्वारीचे सुवर्ण आपल्याला १९८२ नंतर, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी मिळाले. पाठोपाठ अनुषने वैयक्तिक कांस्यपदकही पटकावले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारले, “यात शर्यत नाही, उडी नाही, मग जिंकले ते कशात?” प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर एका वाक्यात असे: घोड्याची तरबियत किती चांगली झाली आहे, यात. ड्रेसाज हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थच शिकवणे, वळण लावणे असा आहे. आपण तालीम आणि तरबियत यांत फरक करतो. तालीम पुस्तकातून मिळते, तरबियत वागण्यात उतरते. ड्रेसाजमध्ये परीक्षा होते ती तरबियतीची, आणि ती एकट्या घोड्याची नसते, स्वाराचीही असते.

ही परीक्षा होते कशी, ते आधी पाहू. मोठ्या स्पर्धेचे मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात, पण त्या बाराखडीच्या क्रमाने नसतात. स्वार ‘ए’ या अक्षराकडून आत येतो, मैदानाच्या मधोमध थांबतो आणि समोर ‘सी’पाशी बसलेल्या परीक्षकांना सलाम करतो. तिथून पुढे ठरलेला पाठ. या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत साधी चाल, मग दुडकी, मग कँटर, वर्तुळ, तिरके चालणे, थांबणे, मागे सरणे. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात आणि शेवटी त्यांची टक्केवारी काढतात. वरच्या पातळीवर घोडा जागच्या जागी दुडकी धरतो, त्याला पियाफ म्हणतात. मागच्या पायांवर तोल घेऊन एका जागी गिरकी घेतो, ती पिरुएट. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या सर्वांत वरच्या पातळीसाठी घोडा किमान आठ वर्षांचा असावा लागतो. साधारण तीन-चार वर्षांच्या घोड्यावर बसायला सुरुवात होते, म्हणजे तिथवर पोहोचायला चार-पाच वर्षे रोजची मेहनत. जर्मन लोकांनी या शिक्षणाच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत: ताल, लवचीकपणा, लगामाशी हलका संपर्क, अंगातला जोर, सरळपणा आणि शेवटी सगळे बळ एकवटणे. पहिली पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नये, हा नियम आम्हा शिक्षकांना काही नवा नाही.

या सगळ्यात स्वार काय करतो, ते दिसता कामा नये. हात जवळजवळ स्थिर, पाय शांत. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी त्याला कळते आणि तेवढी कातडी तो थरथरवतो. अशा जनावराला सांगायला पाठीचा किंचित कल आणि पोटरीचा हलका दाब पुरतो. मात्र एक अट आहे. त्याने ऐकले की त्याच क्षणी दाब सोडायचा. तो सोडणे हेच त्याचे बक्षीस. ऐकल्यावरही जो दाबत राहतो, त्याचा घोडा हळूहळू बधिर होतो आणि मग त्याला जास्त जोर लावावा लागतो, त्यानंतर आणखी जास्त. मार वाढत जातो तो असा.

आमच्या घरचे घोडे

आम्ही कर्नाळ्याच्या बाजूचे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की अंगठ्यासारखा जो सुळका दिसतो, त्याच्या सावलीतले. आज कर्नाळा म्हटले की लोकांना पक्षी अभयारण्य आठवते, पण किल्ला बांधला तो कोकणची बंदरे आणि बोरघाट यांच्यामधल्या वाटेवर नजर ठेवायला. कोकणात घोड्यांची पैदास कधीच मोठी नव्हती. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांनी चौल, दाभोळसारख्या बंदरांत उतरत आणि घाट चढून दख्खनच्या सुलतानांकडे जात. १५व्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला पोहोचल्यावर तिथल्या सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान ख्वाजाने सरदाराकडे रदबदली केली आणि ना धर्म गेला, ना घोडा. इथे घोड्यांना हरभरा आणि तूप-साखर घातलेली खिचडी चारतात, हेही निकितिनने लिहून ठेवले आहे.

आमच्या आजोबांच्या मोतीला साखर-तूप कुठले मिळणार? पनवेलच्या बाजारात त्यांचा टांगा असे. पण घरात नियम होता की मोतीच्या तोबऱ्यात दाणा पडल्याशिवाय आपल्या ताटात भाकरी पडायची नाही. घोड्याचे वेड आमच्या घरात तिथून आले. टांगे गेले. मुंबईच्या व्हिक्टोरियाही २०१५ मधल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रस्त्यावरून हटल्या. आता आपली मुले घोडा पाहतात तो माथेरानला, समुद्रकिनाऱ्यावर, नाहीतर लग्नाच्या वरातीत.

एकाच आठवड्यात दोन घोडे

एका जानेवारीत पुतणीच्या निकाहसाठी आम्ही सहकुटुंब चार दिवस मुंबईत मुक्कामी होतो. दुल्हा घोडीवरून आला. पांढरी, देखणी घोडी, कपाळावर गोंडे, गळ्यात चांदीसारखे दागिने. समोर मोठमोठे कर्णे लावलेली गाडी, मागे फटाके. मंडपापाशी घोडी नाचवायची म्हणून लगामाला झटके बसू लागले. तिने पुढचे पाय उचलले की टाळ्या पडत. आमची नजर मात्र तिच्या तोंडाकडे गेली. तोंड उघडे होते, जीभ एका बाजूला ढकललेली, डोळ्यांतले पांढरे दिसत होते आणि फेसात लालसर छटा होती. दुसऱ्या दिवशी वलीम्यात सगळेजण घोडी किती छान नाचली, असे म्हणत होते.

रविवार मोकळा होता. सकाळी हाजी अलीला जाऊन आलो. तिथून रस्ता ओलांडला की महालक्ष्मीचे रेसकोर्स. त्याच आवारात अॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे आणि त्या दिवशी तिथे मुलांचे ड्रेसाजचे सामने होते. ओळखीतल्या एकांनी आत जाण्याची सोय केली होती. रेसकोर्स म्हटले की आपल्या घरांत कपाळाला आठ्या पडतात आणि त्यात गैर काही नाही. घोड्यावर पैसे लावणे हा जुगारच आहे. ड्रेसाजमध्ये मात्र ना बोली, ना बाजी. प्रेक्षकही मोजकेच, आणि तेही गप्प. आरडाओरडा केला तर घोड्याचे लक्ष उडते, म्हणून टाळ्यासुद्धा पाठ संपल्यावरच.

पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी कुमैत घोड्यावर आत आली. बाजूला उभे राहून एकजण तिचा पाठ मोठ्याने वाचत होता. लहान पातळीवर तशी मुभा असते. थांबली, सलाम केला, दुडकी सुरू झाली. वीस मीटरचे वर्तुळ अर्धे झाले असेल, तोच वाऱ्याने कुंपणावरचा एक फलक फडफडला आणि घोडा एकदम बाजूला उडाला. मुलीच्या हातात छडी होती. आमच्या मुलाने डोळे बारीक केले, आता बसणार म्हणून. छडी हलली नाही. तिने घोड्याला थोडे आत वळवले, लगाम किंचित सैल केली, त्याची मान खाली येऊ दिली आणि पुढचे वर्तुळ त्याच फलकाजवळून नेले. घोड्याचा एक कान फलकाकडे होता, दुसरा मागे तिच्याकडे. तो गेला. त्या एका हालचालीचे गुण तिने गमावले असणार, पण उरलेला पाठ मऊसूत झाला.

बाहेर आल्यावर सईसने तंग सैल केला आणि घोड्याला चालवू लागला. सोलापूरकडचे वयस्कर गृहस्थ होते. आमच्या मुलाला राहवेना.

“चाचा, छडी होती, मग मारली का नाही?”

“बाळा, घोडं भ्यालं होतं. भ्यालेल्याला मारलं की त्याला वाटतं, ज्याला भ्यालो ते खरंच वाईट होतं. मग पुढच्या खेपेला ते लांबूनच बिथरतं.”

“मग छडी कशाला घ्यायची?”

“आठवण करून द्यायला. तुझे सर वर्गात बोटानं खुणावतात ना, तसं.”

बोलता बोलता त्यांनी घोड्याच्या तोंडातला लोखंडी दहाना काढून पाण्यात खळबळून धुतला. वाळलेली लाळ राहिली तर उद्या ओठाला काचते, म्हणाले. मुलाने तो हातात घेऊन पाहिला. गुळगुळीत दांडा, मध्ये सांधा. बोट फिरवले तर कुठे टोचत नव्हते.

गणिताच्या तासाला फळ्याजवळ येताना थरथरणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. सईसचे ते वाक्य आम्ही शिक्षकखोलीत अनेकदा सांगितले आहे.

पायात बळ नसलेली स्वार

जोरावर घोडा चालत असता, तर लिस हार्टेल हे नाव कुणाला कळलेच नसते. ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज १९१२ पासून आहे, पण पहिली ४० वर्षे तो लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ समजला जाई. ते इतके कडक होते की १९४८ मध्ये सुवर्ण जिंकलेल्या स्वीडिश संघातला एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट आहे, हे कळल्यावर संपूर्ण संघाचे पदक काढून घेतले गेले. ही भिंत १९५२ मध्ये पडली आणि त्याच वेळी स्त्रियांनाही दार उघडले. त्या वर्षी हेलसिंकीला डेन्मार्कची लिस हार्टेल उतरली. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पाय निकामी होते आणि घोड्यावर चढायला, उतरायला दुसऱ्याची मदत लागे. ज्युबिली नावाच्या घोडीवर तिने रौप्यपदक मिळवले. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. टाच मारणे, पोटरी आवळणे तिला शक्यच नव्हते. घोडीने ऐकले ते पाठीचे, तोलाचे आणि हाताचे. आजही ड्रेसाजमध्ये स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच निकषावर उतरतात.

पण या खेळाचे फक्त गोडवे गाणे बरोबर होणार नाही. जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, ब्रिटनच्या शार्लट दुजार्दिनने स्पर्धेतून माघार घेतली. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके जिंकलेली स्वार. शिकवणी देताना ती एका घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारत असल्याची जुनी चित्रफीत पुढे आली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने तिच्यावर एक वर्षाची बंदी आणि १० हजार स्विस फ्रँकचा दंड लादला. तिने स्वतःही ते कृत्य लाजिरवाणे असल्याचे मान्य केले. यातून एवढे कळते की मैदानावरचे सौंदर्य पाहून मागच्या अंगणात काय चालते, याची खात्री देता येत नाही. म्हणून बघणाऱ्यालाही बघता आले पाहिजे. महालक्ष्मीची मुलगी आणि वरातीतली घोडी यांच्यातला फरक श्रीमंती-गरिबीचा नाही. श्रीमंत तबेल्यात मार असू शकतो आणि टांगेवाल्याच्या दारात माया असू शकते.

शब्दांनी जपलेले शहाणपण

आपल्या भाषांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. चाबुकस्वार हा शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही. घोड्याला शिकवणारा, असा त्याचा अर्थ. ऐकताना वाटते, हातात चाबूक असतो म्हणून चाबुकस्वार. पण फारसीत चाबुक म्हणजे आधी चपळ, तरबेज. चाबुकस्वार म्हणजे कसबी स्वार. सईस हा अरबी शब्द जनावर सांभाळणे, हाताळणे या अर्थाच्या धातूपासून आला आणि त्याच धातूपासून सियासत, म्हणजे राज्यकारभार, हा शब्दही आला. घोड्याच्या वैद्याला उर्दूत सालोत्री म्हणतात. तो शब्द संस्कृतातल्या शालिहोत्रावरून आला, ज्याच्या नावावर अश्ववैद्यकाचा जुना ग्रंथ आहे. शिलेदार, बारगीर, पागा, रिकीब, नालबंद हे शब्द तर मराठ्यांच्या इतिहासाच्या पानोपानी आहेत. घोडा सांभाळताना कोणी कोणाची जात-भाषा विचारली नाही, हे या शब्दांवरून दिसते.

कुरआनच्या १००व्या सूरहचे नावच धावणाऱ्या घोड्यांवरून पडले आहे. जनावराच्या तोंडावर मारू नये, तोंडावर डाग देऊ नये, ही ताकीद हदीसमध्ये आली आहे. तोंडावर मारणे मना असेल, तर तोंडाच्या आत खिळे रुतवणाऱ्या दहान्याबद्दल वेगळे काय विचारायचे?

लग्नाची घोडी ठरवताना

वरातीच्या घोड्यांना पुष्कळदा काटेरी दहाना घालतात. लगाम ओढली की काटे ओठांत आणि जिभेत रुततात, घोडा वेदनेने तोंड वर करतो, पाय उचलतो आणि आपण त्याला नाच म्हणतो. भारतात हे बेकायदा आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांपैकी आठव्या नियमात काटे किंवा टोके असलेला दहाना, जू किंवा साज वापरायला बंदी आहे.

यासाठी घोडेवाल्याशी भर वरातीत भांडण्याची गरज नाही. त्याचेही पोट त्यावर आहे आणि घोडी नाचलीच पाहिजे, ही मागणी त्याच्याकडे आपणच केलेली असते. बोलायचे ते घोडी ठरवताना. त्याला सांगावे, भाऊ, साधा दहाना घालून आणा, घोडी नाचवायची नाही, दुल्हा नुसता चालत येईल. शक्य असेल तर आधी दहाना हातात घेऊन बोट फिरवून पाहावे. जिथे आपल्या बोटाला टोचेल, तिथे तिच्या जिभेला टोचणारच. कर्णे घोडीच्या शेजारी नकोत, फटाके तर नकोतच. घोड्याला मागचे-बाजूचे जवळजवळ सगळे दिसते, पण थेट शेपटीमागचे दिसत नाही. तिथून आवाज झाला की तो बिथरतो आणि दुल्ह्यासह खाली येऊ शकतो. मंडपाशी पोहोचल्यावर एक बादली पाणी तयार ठेवावे.

मुलांनाही काय पाहायचे ते सांगावे. कान इकडे-तिकडे हलत असतील तर घोडा ऐकतो आहे, मानेला चिकटवून मागे दाबले असतील तर तो रागावला आहे किंवा घाबरला आहे. शेपटी सारखी आपटत असेल, तोंड उघडे असेल, डोळ्यांचे पांढरे दिसत असेल, तर काहीतरी दुखते आहे. खोगिराच्या कडेला, पाठीवर आणि तंगाखाली जखमा आहेत का, तेही पाहावे. हे पाहायला माथेरानची एक सहल पुरते. घोडा निवडताना रंग शेवटी पाहायचा, आधी पाठ, तोंड आणि खुर. जखमी घोड्यावर बसणार नाही, असे मुलाने नम्रपणे सांगितले, तर घोडेवाल्यालाही पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो घोडा विश्रांतीला ठेवावासा वाटतो.

शव्वालमध्ये लग्ने पुन्हा सुरू होतील. ज्यांच्या घरी दुल्हा आहे त्यांनी बँडवाल्याशी आणि मंडपवाल्याशी बोलताना घोडेवाल्याशीही ही पाच मिनिटे बोलावे. त्याला वेगळा खर्च येत नाही, फक्त दहाना बदलावा लागतो.